नवसाचा बोकड आणि मिठाचा बर्फ

माझ्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, मला मोकळं केलं असं ते आजही सांगतात. गेल्या लग्नसराईत चिखलोलीच्या एका हॉलमध्ये भर पंगतीत सांगितलं. म्हातारा नव्वदीला टेकलाय, कानांनी ऐकू येत नाही, पण स्वतःचा आवाज मात्र त्याला छान ऐकू येतो. "ह्याला मी सोडला म्हनून हा शेट झाला," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं, आणि आजूबाजूच्या चारचौघांनी माना डोलावल्या. मी ताटावरून उठलो आणि बाहेर गाडीत जाऊन बसलो, कारण थांबलो असतो तर नवरीच्या बापाची पंचाईत झाली असती. माझं डोकं लवकर फिरतं हे उल्हासनगरच्या बाजारात पोरंटोरंही सांगतील. मी जुनी यंत्रं घेतो आणि विकतो. भावात कुणी फसवलं तर मला फारसं वाईट वाटत नाही, पुढच्या सौद्यात वसूल होतं. पण हा सौदा माझ्या जिवाचा होता आणि तो मी केला होता. त्याचं श्रेय दुसऱ्याने खावं, हे मला पचत नाही. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.

आमचं घर सोनिवलीत, नदीच्या अंगाला. आता तिकडे लिफ्टच्या इमारती झाल्यात, खाली औषधाची दुकानं आहेत, आणि जिथे आमची भाताची खाचरं होती तिथे लोक संध्याकाळी पांढरे बूट घालून चालायला येतात. तेव्हा घराला पुढे एक ओटी होती आणि ओटीच्या तोंडावर तात्यांची खाट आडवी टाकलेली असायची. घरातून बाहेर जायचं तर त्या खाटेला वळसा घालावा लागायचा. वळसा घातला की आवाज यायचा, "कुठं रं?" पाणी आणायला निघालो तरी "कुठं रं?", परसाकडे निघालो तरी "कुठं रं?" लहानपणाचे आवाज आठवायचे म्हटले तर लोकांना आईच्या बांगड्या आठवतात, जात्याची घरघर आठवते. मला हे दोन शब्द आठवतात, आणि त्यांच्यामागे तात्यांच्या ट्रान्झिस्टरची खरखर. बाप मी फार लहान असताना गेला. त्याचा चेहरा आठवत नाही. तेव्हापासून आई आणि मी तात्यांच्या पदरात होतो. खायला कमी पडलं नाही, हे खरं ते लिहिलं पाहिजे. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, पावसाच्या तोंडाला शेवळाची भाजी, ओढ्यातले खेकडे. आई खेकड्याच्या नांग्या पाट्यावर वाटायची तेव्हा तो वास खाटेपर्यंत जायचा आणि तात्या पहिल्यांदाच दिवसभरात हसायचे. त्या खाण्याच्या बदल्यात मी उन्हाळ्यात त्यांच्या वीटभट्टीवर चिखल तुडवायचो आणि पावसाळ्यात त्यांची शेती करायचो. तात्यांची स्वतःची पोरं अंबरनाथच्या कारखान्यांत लागली होती. ती सणाला यायची, पँटीला इस्त्री असायची, आणि भट्टीकडे नाक मुरडून बघायची. चिखलात मी एकटा.

मी पळून का गेलो नाही, असं माझी नात विचारते. तिला नवस म्हणजे काय ते कसं सांगायचं? मिसरूड फुटायच्या आत मला ताप आला होता आणि तो डोक्यात गेला. डॉक्टरने हात टेकले. तेव्हा आई भर उन्हात टेकडीवर गेली, गावदेवीच्या मूळ ठाण्यावर. तिथे देऊळ नाही, शेंदूर फासलेला एक दगड आहे. तिथे तिने कबूल केलं, जिवाच्या बदल्यात जीव देईन. मी उठून बसलो. आईने एक करडू घेतलं, त्याच्या कानाला खूण केली, आणि त्याचं नाव ठेवलं बदल्या. नवस फिटेपर्यंत माझा जीव देवीकडे गहाण. शिवेबाहेर रात्रीचा मुक्काम करायचा नाही, नोकरी धरायची नाही, लग्न ठरवायचं नाही. हा नेम आधी आईने भीतीपोटी धरला होता. तात्यांनी त्याचा कायदा केला.

नवस फेडायची आमच्यातली रीत अशी. बोकडाला हळदकुंकू लावून देवीसमोर उभा करायचा आणि घरातल्या कर्त्या पुरुषाने त्याच्या पाठीवर ओंजळभर पाणी घालायचं. बोकडाने अंग झाडलं की देवीने मान्य केला. नाही झाडलं, तर मर्जी नाही, पुढच्या जत्रेपर्यंत थांबायचं. दरवर्षी जत्रेच्या सकाळी तात्या स्वतः बदल्याला विहिरीवर नेऊन आंघोळ घालायचे. चांगल्या चार बादल्या. "देवाचं जनावर हाय, पारोसा कसा न्यायचा?" लोक म्हणायचे, बघा, पुतण्यासाठी किती करतात. मग वाजतगाजत टेकडीवर जायचं. आजूबाजूचे बोकड एकेक करून अंग झाडायचे आणि जायचे. आमचा बदल्या गळ्यातला हार चघळत दगडासारखा उभा. तात्या एकदा ओंजळ घालत, दोनदा घालत, मग आकाशाकडे बघून म्हणत, "मर्जी नाय." आई पदर तोंडात कोंबून रडायची. तात्या माझ्या पाठीवरून हात फिरवायचे आणि दुसऱ्या दिवशी मी भट्टीवर. अशी वर्षं गेली. बदल्याला दाढी आली, मला दाढी आली. गोठ्यात तो आणि भिंतीअलीकडे घरात मी. रोज सकाळी आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि दोघांनाही कळायचं की हा आहे तोवर मी आहे, आणि हा आहे तोवरच मी असा आहे.

अशातच सिनेमावाले आले. उल्हासनगरचे एक सेठ, कापडाचे दुकानदार, त्यांना सिनेमा काढायची हौस. आणि त्यांचे दिग्दर्शक देवधर, डोंबिवलीचे, चष्मा दोरीने मानेला बांधलेला. टेकडीवर देवीच्या दगडापासून हाकेच्या अंतरावर दगडखाणीची बंद पडलेली पत्र्याची शेड होती, ती तात्यांच्या ताब्यात. ती त्यांना भाड्याने हवी होती. पावसाळ्यात कॅमेरे, दिवे, जनरेटर सगळं स्वस्तात मिळतं, आणि सगळा सिनेमा शेडच्या आतच होणार होता. देवधरांनी ओटीवर बसून, आईने दिलेला चहा पीत, गोष्ट सांगितली. सरहद्दीवरची चौकी. चहूकडे बर्फ. वाट बंद, रसद बंद. शेवटची शेळी संपते, आणि मग शिपाई एकमेकांना खायला लागतात. कॅप्टन शिस्तीचा माणूस. तो माणूस कापायलाही अर्ज लिहून घेतो, आणि जेवायच्या आधी सगळ्यांना हात धुवायला लावतो.

"हसायचं का घाबरायचं?" मी विचारलं.

"दोन्ही," देवधर म्हणाले. "आधी हसायचं, मग आपण कशाला हसलो ते कळून घाबरायचं."

आत चुलीपाशी आई पुटपुटली, "काय मेली मानसं, चांगलं काय सुचत नाय काय?" देवधर ओशाळले. हा माणूस जन्माचा शाकाहारी होता. अंड्याचा वास आला तरी रुमाल नाकाला लावायचा.

बर्फासाठी ते कापूस आणणार होते. मी मध्येच तोंड घातलं. माझे मामा मिठागरावर होते. मी म्हटलं, कापूस उडतो, ओला झाला की मेलेल्या उंदरासारखा दिसतो. मीठ घ्या. खडे मीठ. पायाखाली करकर वाजतं, खऱ्या बर्फासारखं. सेठ खुर्चीत पुढे सरकले. "बेटा, तूने बर्फ देखा है कभी?" "तुम्ही पाहिलाय?" मी विचारलं. सेठ हसायला लागले. मग आमची घासाघीस झाली आणि ती मला इतकी गोड लागली, की भट्टीच्या मालाची तात्या मला कधीच का करू देत नाहीत ते तेव्हा समजलं. उठताना सेठ म्हणाले, "तू इथे चिखलात काय करतोस? माझ्याकडे ये. दुकानात असा माणूस पाहिजे." खाटेवरून आवाज आला, "त्याचा नवस हाय. त्याला शीव ओलांडता येत नाय." सेठनी कानाला हात लावला. देवाधर्मापुढे कोण बोलणार? आणि जाता जाता तात्यांनी सिनेमातल्या शेवटच्या शेळीसाठी बदल्यालाही भाड्याने देऊन टाकलं. मी भडकलो. देवीचा बोकड सिनेमात? तात्या म्हणाले, "मरायचा थोडाच हाय? खोटंखोटं मरंल. त्याला सवय लागंल." आणि स्वतःच्या विनोदाला स्वतःच खोकेपर्यंत हसले.

शेडमध्ये देवधरांनी दिव्यांचे मोठे खांब लावले, फळ्यांची चौकी बांधली, आणि पोतीच्या पोती मीठ पसरलं. दिवे लागले की खरोखर डोळे दिपायचे. पण पावसाळी हवेत मीठ कोरडं कसं राहणार? दुपारपर्यंत बर्फाला घाम फुटला. लोकरी कोट घातलेले शिपाई त्यात घसरून पडू लागले, आणि बदल्या समोर दिसेल तो बर्फ चाटत सुटला. सेठ ओरडायचे, "अरे, हिमालय खा गया ये बकरा!" मला बदल्याला धरून बसायचं काम होतं. माणसाचं मांस म्हणून कच्च्या फणसाची भाजी बिटाच्या रसात रंगवून आणली होती, आणि एक आख्खा हात होता, कणकेचा, नखांना बदाम लावलेला. हात ज्याचा म्हणून खायचा तो सदा, बुवापाड्याचा, कारखान्यातून रजा काढून आलेला. जाडजूड, हसरा गडी. सगळ्यांत आधी त्यालाच मरायचं होतं. त्या पहिल्या दिवशी कॅप्टन गंभीर चेहऱ्याने बदल्यासमोर भाषण करत होता, आणि पत्र्यातून पावसाचा एक थेंब नेमका बदल्याच्या पाठीवर पडला. बदल्याने शिंगांपासून शेपटीपर्यंत असं काही अंग झाडलं, की कॅप्टनची टोपी खारट झाली आणि सीन वाया गेला. देवधर डोक्याला हात लावून बसले. मला तेव्हा काहीही सुचलं नाही. मी नुसता हसलो.

त्याच रात्री पाणी चढलं. टेकडीच्या दोन्ही अंगांनी ओढे आहेत. एक गावाकडचा, एक रस्त्याकडचा, आणि दोन्ही पुढे नदीला मिळतात. नदी फुगली की ओढ्यांचं पाणी मागे वळतं. सकाळी पाहिलं तर टेकडी बेट झाली होती. रस्त्याच्या बाजूला सेठचा टेम्पो पलीकडे उभा दिसत होता, चाकं बुडालेली. तात्या आदल्या संध्याकाळी भाड्याचं बोलायला आले होते, तेही आमच्यात अडकले. इतकी वर्षं मी त्यांच्या खाटेआड अडकलो होतो. आता एका पत्र्याखाली आम्ही दोघं, आणि वळसा घालायला जागाही नाही.

माणसाचं मांस अडकल्याच्या पहिल्याच दिवशी संपलं. फणसाची भाजी सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली, बिटाने तोंडं लाल झाली, आणि एकमेकांकडे बघून पोरं हसली. दुसऱ्या दिवशी सदाचा हात निखाऱ्यावर भाजला. चौकीचा दरवाजा फोडून त्याचं सरपण केलं होतं. सदाच वाटणी करत होता. "माझा हात हाय, मी ठरवनार. सेठ, तुम्हाला अंगठा. देवधर साहेब, तुम्ही करंगळी घ्या, तुमचं पोट लहान." देवधरांनी कणकेची करंगळी बदामासकट खाल्ली आणि चष्मा पुसला. मग टेकडीवरच्या टाकळ्याचा पाला ओरबाडून उकडला. त्यात घालायला मीठ मात्र भरपूर होतं. पायाखाली मीठ, अंथरुणात मीठ, ओठांवर मीठ. जिकडे बघावं तिकडे मीठ आणि पाणी, आणि मधोमध रवंथ करणारा एक गलेलठ्ठ बोकड. हळूहळू सगळ्यांचे डोळे त्याच्यावर जाऊन थांबायला लागले. बोलणं चाललेलं असायचं आणि मध्येच बंद पडायचं. कोटातले शिपाई आता शिपायांसारखेच दिसत होते. देवधर हळूच कॅमेरामनला म्हणाले, "ही नजर मला हवी होती."

तिसऱ्या सकाळी तात्याच बोलले. "कापा त्याला. जीव वाचवायचा म्हंजे देव रागावत नाय. देवीला दुसरा बोकड देऊ."

दुसरा बोकड. म्हणजे नवीन करडू, नवीन कान, पुन्हा पहिल्यापासून वाट बघायची. माझ्या डोळ्यांसमोर पुढची सगळी वर्षं भट्टीच्या धुरासारखी उभी राहिली. मी कोयता उचलला आणि बदल्याच्या पुढ्यात जाऊन बसलो. मी म्हटलं, "कापायचा तर नवस म्हणून कापायचा. इथंच, देवीपुढं, तुमच्या हातानं. नाहीतर उपाशी मरा. मीपण मरतो."

"कोयता ठेव," तात्या म्हणाले.

"आधी कबूल करा."

सदा म्हणाला, "तात्या, करा ना कबूल, पोट आत गेलंय." सेठनी हात जोडले. सगळ्यांच्या देखत तात्यांना नाही म्हणता येईना. त्यांनी मान हलवली, फार पटकन हलवली. बाजारात माणूस इतक्या पटकन मान हलवतो तेव्हा मी आजही सौदा थांबवतो आणि विचार करतो. तात्या उठले, बदल्याची दोरी धरली आणि त्याला पागोळीखाली नेऊ लागले. "थांब, आंघोळ घालतो. देवाचं जनावर हाय."

मी बदल्याकडे पाहिलं. तो तीन दिवस भिजत होता. केस पाठीला चिकटलेले. छपरातून थेंब त्याच्या पाठीवर पडतच होते, आणि त्याचं त्याला काही नव्हतं. आणि मला शूटिंगच्या पहिल्या दिवसाचा तो एक थेंब आठवला. कोरड्या पाठीवरचा. टोपी खारट करणारा. सगळ्या जत्रा, सगळ्या सकाळी, विहिरीवरच्या चार चार बादल्या. भिजलेल्या जनावराला ओंजळभर पाणी कळणार कसं? आज तो झाडणार नाही. तात्या म्हणणार, मर्जी नाही, म्हणजे हा देवीचा नाही, साधं मटण आहे, कापा. पोटही भरेल आणि पुतण्याही राहील.

मला किती राग आला ते लिहिता येणार नाही. कोयता हातातच होता, हे एवढं लिहितो. पण त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा राग गिळून भाव केला. तात्यांच्या हातातून दोरी घेतली आणि शांतपणे म्हटलं, "आंघोळ झालीय त्याची. तीन दिवस देवीच घालतेय. आता अंग पुसू." मग सेठकडे वळलो. त्यांनी जनरेटरचं उरलंसुरलं डिझेल शेवटच्या सीनसाठी जपून ठेवलं होतं. मी म्हटलं, "सेठ, दिवे लावा. बोकड सुकवायचाय."

"पागल है क्या? डिझेल संपलं तर पिक्चर संपली."

"तुमच्या शेवटच्या सीनमध्ये काय आहे? उपाशी शिपाई मांस खातात. टाकळा खाऊन तो सीन करणार? दिवे लावा, बोकड सुकेल. नवस फिटला तर खरे उपाशी, खरं मटण, आणि कॅमेरा समोर. असा सीन मुंबईत कुणाकडे आहे?"

देवधर मध्येच ओरडले, "सेठ, लावा!" शाकाहारी माणूस, पण गोष्ट कळत होती.

दिवे लागले. असं काही मी पुन्हा पाहिलं नाही. चारी बाजूंनी भगभगीत उजेड, मधोमध बदल्या, अंगातून वाफा निघताहेत, आणि सरहद्दीचे शिपाई गुडघ्यांवर बसून लोकरी कोटांनी त्याला पुसताहेत. सदा त्याच्या पोटाखाली फुंकर घालत होता. कॅप्टन पुठ्ठ्याने वारा घालत होता आणि म्हणत होता, "साहेब, डाव्या बाजूला वळा." बदल्याला वाटलं आपलं लग्न आहे. तो डोळे मिटून उभा राहिला. मी त्याच्या मानेवरून हात फिरवत होतो, केस कोरडे झाले का बघायला, असं मी सगळ्यांना सांगितलं. तात्या कोपऱ्यात उभे होते. त्यांना कळलं होतं की मला कळलंय. आमच्यात त्या गोष्टीवर तेव्हाही एक शब्द झाला नाही आणि आजवर झालेला नाही.

पाऊस थांबला होता. दगडापर्यंत बदल्याला सदाने आणि मी उचलून नेलं, पाय भिजू नयेत म्हणून. तात्यांनी ओंजळ भरली. बोटांमधून पाणी गळून जावं म्हणून ते रेंगाळत होते, तेव्हा सेठच खेकसले, "डालो ना, भाई!" पाणी पडलं. क्षणभर काहीच नाही. मग बदल्याच्या कातडीवरून एक लाट निघाली, खांद्यापासून मागे, आणि त्याने अंग झाडलं. शिंगं, दाढी, कान, सगळं. शिपायांनी आरोळी ठोकली. मी बदल्याच्या कानात काय बोललो ते माझ्यापाशीच राहू दे.

ज्याच्या जिवाचा बदला, त्याने ते खायचं नसतं. म्हणून मला दिवा धरायला दिला. चौकीच्या भिंती फोडून चूल पेटवली, हळद नाही, मसाला नाही, नुसतं मीठ. शिपाई खात होते आणि खाता खाता रडत होते, कुणी भाजलं म्हणून, कुणी पोटात कळ आली म्हणून. देवधरांनी बराच वेळ कॅमेऱ्यामागून पाहिलं, मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि सदाच्या ताटात हात घातला. मी उपाशी पोटाने दिवा धरून उभा होतो, आणि माझा जीव माझ्यादेखत वाटला जात होता. तात्यांना मुंडीचा मान. ते खाली मान घालून खात होते. पुढे तो सिनेमा उल्हासनगरच्या व्हिडिओ पार्लरांत लागला आणि चौथ्या खेळाला उतरला. लोक सुरुवातीपासून हसले. फक्त या सीनला कुणी हसलं नाही, असं सेठ मरेपर्यंत सांगायचे.

दुपारनंतर रस्त्याकडचं पाणी ओसरलं. टेम्पोची चाकं दिसायला लागली. सेठची माणसं सामान डोक्यावर घेऊन उतरू लागली. गावाकडचा ओढा मात्र अजून दुथडी भरून होता. सेठनी मला विचारलं, "काय रे, येतोस?" मी काही बोलायच्या आत तात्या हात धुता धुता म्हणाले, "कुठं? दोन दिसांत पानी उतरंल. बांध वाहून गेलेत, लावनी परत करायला लागंल. तेवढं करून मग बघू." आवाज अगदी नेहमीचा. आणि माझ्याच पायांची मला लाज वाटते, पण ते टेम्पोच्या दिशेने उचलेनात. नवस फिटला होता, दोरी सुटली होती, आणि मी बांधल्या जागी उभा होतो. बांध खरोखर वाहून गेले असतील. आई एकटी लावणी कशी करील? खाटेला वळसा घालायची सवय अंगात किती मुरते ते तेव्हा कळलं.

तेवढ्यात ओढ्यापलीकडे आई दिसली. कमरेएवढ्या गवतातून आली होती, डोक्यावर भाकऱ्यांचं फडकं. ती मोजत होती, एकेका माणसाकडे बघत. मी दिसल्यावर तिने फडकं खाली ठेवलं. पाण्याचा आवाज एवढा, की ओरडावं लागत होतं.

"बदल्या कुठं हाय?"

"फिटला!" मी ओरडलो.

ती पाण्याच्या कडेपर्यंत पुढे आली. मग, "अंग झाडलं काय?"

"झाडलं!"

आई मटकन खाली बसली. मला वाटलं रडेल. तात्या पुढे झाले आणि ओरडले, "सगळं नीट झालं गं! पानी उतरलं का येतो आमी दोगं!"

आमच्यात थोरल्या दिराशी बाई समोरून बोलत नाही. आई तोवर कधीच बोलली नव्हती. जे सांगायचं ते माझ्या तोंडून, "त्यांना सांग" असं म्हणून. ती उठली, पदर डोक्यावरून खाली पडला तो तिने सावरला नाही, आणि सगळ्या सिनेमावाल्यांच्या देखत थेट ओरडली, "भावजी, माझा नवस फिटला! तुमचं काय ऱ्हायलंय त्याच्याकडं? बोला!"

तात्या मागे सरकले आणि पुन्हा हात धुवायला बसले.

मग ती मला म्हणाली, "तू इकडं येऊ नको. तिकडनंच जा."

"आणि लावणी?"

"जा म्हनते ना!"

तिने फडकं उचललं, गाठ घट्ट केली, आणि वळून गवतातून घराकडे चालायला लागली. एकदाही मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी पाण्यात उडी टाकून तिच्याकडेच गेलो असतो, हे तिला ठाऊक होतं.